दारावरची पाटी

मे महिन्यात नागपुरात दिवस पहाटेच सुरू होतो. उन्हं चढली की कामं होत नाहीत, आणि आमच्याकडे नळही त्याच वेळी येतात. प्रतापनगरच्या आमच्या घरी आई साडेचारला उठते. नळ आले की खालची टाकी भरू देते, मग मोटर लावते, जिना चढून गच्चीवर जाते आणि वरची टाकी भरेपर्यंत तिथेच उभी राहते. टाकी ओसंडून वाहिलेली तिला बघवत नाही. त्यानंतर तिन्ही कूलरमध्ये पाइपने पाणी. वाळ्याच्या ताट्या भिजल्या की घरभर तो गार, मातकट वास पसरतो, आणि मग कुठे ती चहा ठेवते.

गच्चीला लागून असलेल्या खोलीत दोन वर्षांपासून केरळची एक मुलगी भाड्याने राहते. एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. आईचा तिच्यावर फार जीव. पुरणपोळी झाली की पहिली ताटली वर जाते, वडाभात केला की त्यावरच्या फोडणीच्या तेलासकट जातो. तिला ताप आला होता तेव्हा आई दिवसातून चार वेळा जिना चढली. पण या दोन वर्षांत आईने तिला एक काम सांगितलेलं नाही. एकही नाही.

गेल्या महिन्यात आईचा गुडघा दुखायला लागला. मी म्हटलं, "टाकी तर तिच्या खोलीला लागूनच आहे. भरली की आवाज दे म्हणून सांग ना तिला."

आई म्हणाली, "तिला कशाला सांगायचं? एवढ्या लांबून आलेली पोरगी, एकटी राहून राहिली बिचारी. आपणच तिचं पाहायचं."

आईच्या मायेचं वाक्य होतं ते. पण ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण हेच वाक्य, याच मायेने, एकदा माझ्याबद्दल बोललं गेलं होतं. नागपूरपासून हजारो किलोमीटर दूर, जर्मनीत, श्टुटगार्टच्या एका इमारतीत.

आम्ही तिथे २०१६ च्या ऑक्टोबरात गेलो. नवऱ्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. श्टुटगार्ट वाटीसारख्या खोलगट जागेत वसलेलं आहे. चारी बाजूंनी चढ, चढावर द्राक्षांचे मळे थेट शहरात उतरलेले, आणि त्या चढांवरून खाली येणाऱ्या चारशेहून अधिक दगडी पायऱ्यांच्या वाटा. मुंबईचं हे १९६८ पासूनचं भगिनी शहर. पण मी मुंबईची नव्हते, नागपूरची होते. मला सपाट रस्त्यांची आणि मोठ्या आवाजात बोलायची सवय.

पहिल्या दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. ते झालं. मग घरमालकाने खाली बेलच्या बटणाशेजारी आणि टपालपेटीवर आमचं आडनाव लावलं. तिथे फ्लॅटला क्रमांक नसतो, नावच असतं. नाव नसेल तर टपाल परत जातं. त्या पट्टीवरचं आमचं आडनाव पाहून मला वाटलं, झालं, आता आपण इथले.

तसं नव्हतं. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर दोन घरं, एकूण आठ कुटुंबं. जिन्यात कोणी भेटलं की "ग्र्यूस गॉट" म्हणायचं. ते म्हणजे आपल्या रामरामसारखंच, देव तुमचं भलं करो अशा अर्थाचं. पण आपल्याकडे रामराम झाल्यावर माणूस थांबतो, काय म्हणता, कसं काय, असं होतं. तिथे माणूस पुढे निघून जायचा. अकरा महिने असेच गेले. कोणी वाईट वागलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. दार धरून ठेवायचे, माझ्या हातातली पिशवी उचलायचे. आणि तरीही त्या इमारतीत मी हवेसारखी होते.

आधार होता तो मराठी मंडळींचा. दर शनिवारी कोणाकडे तरी जमायचं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. गणपती भाड्याच्या हॉलमध्ये, आणि दिवाळी जवळच्या शनिवारी, कारण लक्ष्मीपूजन बुधवारी आलं तर तो तिथे कामाचाच दिवस. त्या लोकांनी मला पहिल्या हिवाळ्यात अक्षरशः तारलं. साडेचारलाच अंधार पडायला लागायचा आणि त्या अंधारात कोणीतरी फोन करून विचारायचं, जेवलीस का गं? ते ऋण मी विसरणार नाही.

पण तिथेही एक गोष्ट होतीच. एकदा मी म्हटलं, "मी सांबारवडी आणते." सगळ्यांना वाटलं, सांबारात बुडवलेला वडा. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या दहा-बारा जणांत कोणालाच माहीत नव्हतं. माझं "करून राहिले", माझं "हौ", यावर गोड हसणं व्हायचं. हसण्यात वाईट हेतू नव्हता, पण दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की शनिवारी माझ्या तोंडातून "हौ" येत नाही. म्हणजे परदेशात मी आधी मराठी माणसांत मिसळायला शिकत होते. नागपूरकराला हे तसं नवीन नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, अर्धी कचेरी हिंदीत बोलायची, बंगाल-नागपूर रेल्वेमुळे बंगाली आणि तेलुगू कुटुंबं मोहल्ल्यात होती. दोन मराठी माणसं सीताबर्डीवर भेटली तरी बोलता बोलता हिंदीत शिरतात. आमची जीभ पटकन वळते. पण जीभ वळली म्हणून माणूस तिथला होत नाही.

आणि त्या शनिवारच्या गर्दीतून माणसं सारखी वजा व्हायची. परदेशातल्या आपल्या लोकांच्या आयुष्यातलं हे दुःख फारसं कोणी बोलत नाही. जिच्याशी जीव जुळला ती दीड वर्षाने टोरांटोला, दुसरी पुण्याला परत. प्रत्येक निरोपसमारंभात मिक्सर, प्रेशर कुकर आणि पोरांच्या सायकली वाटल्या जायच्या. माझ्या स्वयंपाकघरात तीन घरांची भांडी होती. पुढे पुढे मी नव्या आलेल्या मुलीशी बोलताना मनात आधी हिशेब करायचे, ही किती दिवस राहील? असा हिशेब मनात असला की मैत्री उथळच राहते.

जर्मन शिकायला मी सरकारी अभ्यासक्रमाला गेले. ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला इतिहास, कायदा, समाज. शेवटी परीक्षा, ३१० प्रश्नांच्या संचातले ३३ प्रश्न. वर्गात सीरियाहून आलेले बरेच जण होते, एरिट्रियाची एक आई होती, ब्राझीलची एक नर्तकी होती. आम्हा सगळ्यांना तीच विभक्ती अडायची आणि तेच लिंग चुकायचं. पण बाहेर आमची नावं वेगळी. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत आम्हाला "एक्सपॅट" म्हणायचे, शेजारच्या बाकावरच्या सुताराला "रेफ्युजी". मला "एक्सपॅट" हा शब्द कधीच आवडला नाही. माणूस थोड्या दिवसांसाठी, आपल्या सोयीने आला आहे, आणि सोय संपली की जाणार आहे, असं तो शब्द आधीच ठरवून टाकतो. त्या सुताराने काही महिन्यांतच आमच्या वर्गाच्या खिडकीची मोडकी कडी दुरुस्त केली होती आणि शिपायाशी त्याची दोस्ती झाली होती. माझी मात्र आमच्या राहत्या इमारतीत कोणाशीच ओळख नव्हती. तेव्हा मला याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागायला सुरुवात झाली ती एका चिठ्ठीमुळे. रविवारी दुपारी मी मिक्सरवर चटणी वाटली होती. तिथे रविवार शांततेचा दिवस. दुकानं बंद, ड्रिल नाही, गवत कापायचं यंत्र नाही. सोमवारी टपालपेटीत सुबक, तिरप्या अक्षरात चार ओळी होत्या. आमच्या आडनावाने सुरू झालेलं, त्या इमारतीतलं आम्हाला आलेलं पहिलं पत्र. शब्दकोश घेऊन वाचलं. तक्रार होती, तळमजल्यावरच्या आजींची. मी त्या रात्री रडले, आणि दुसऱ्या दिवशी आईने पाठवलेल्या संत्रा बर्फीचा डबा घेऊन त्यांची बेल वाजवली.

आजी सत्त्याहत्तर वर्षांच्या, ताठ, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. बर्फीचा तुकडा तोडून त्यांनी नीट चावून पाहिला. संत्र्याची मिठाई असते हे त्यांना खरं वाटेना. मग विचारलं, "तुम्ही किती दिवस राहणार आहात?" मी म्हटलं, "ठरवलेलं नाही. पण जायचं असंही ठरवलेलं नाही." त्यांनी मान हलवली. एवढंच.

तीन आठवड्यांनी माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. तळहाताएवढी. कोपरे हातांनी गुळगुळीत झालेले, वर भोक पाडून लाल दोरी ओवलेली, दोरीला एक जुनी गाठ. वर तपकिरी रंगात एकच शब्द, "केअरवोखे". केअर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. मला वाटलं, चुकून अडकली. मी ती उचलून समोरच्या दाराला लावून टाकली. संध्याकाळी ती पुन्हा माझ्या दारावर होती, आणि पाटीपाशी आजी उभ्या होत्या, हातात बादली घेऊन.

श्टुटगार्टच्या आसपास, श्वाब लोकांच्या मुलखात ही रीत आहे. झाडण्याच्या आठवड्याचं मूळ ते १४९२ सालच्या शहरनियमांपर्यंत नेतात, प्रत्येकाने आपल्या दारापुढची घाण काढावी, असा तो हुकूम. इमारतीत तिचे दोन प्रकार. छोटा आठवडा म्हणजे आपल्या मजल्यासमोरचा जिना. मोठा आठवडा म्हणजे प्रवेशदार, तळघर, समोरची पायवाट, आणि हिवाळ्यात बर्फ. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत पायवाट मोकळी हवी, कोणी घसरून पडलं तर जबाबदारी येते. पाटी ज्याच्या दारावर, त्याचा नंबर. काम झालं की पाटी पुढच्या दाराला.

आजींनी शिकवलं. वरून खाली झाडत यायचं. फडकं असं पिळायचं की थेंब गळता कामा नये, कारण लाकडी पायरी फुगते. कठडा, खिडकीची चौकट, मुख्य दाराची काच, आणि दारामागचं पायपुसणं बाहेर नेऊन झटकायचं. मी वाकून वाकून दमले, मग सरळ उकिडवी बसले आणि घरी पोछा लावतो तशी मागे सरकत पायरी पायरी पुसत उतरले. आजी पाहत राहिल्या. खाली पोचल्यावर त्यांनी शेवटच्या पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवून पाहिलं आणि बोट मला दाखवलं. स्वच्छ होतं.

तेव्हा मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, "कंपनीची माणसं वर्षभरात जातात. परकी मुलगी, थंडीत आलेली, तिला कशाला त्रास, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुमचा आठवडा मी केला." आठ घरं, म्हणजे अकरा महिन्यांत मोठ्या आठवड्याचा आमचा नंबर सहा वेळा येऊन गेला होता. त्यातला एक जानेवारीत. म्हणजे मी सगळ्यात वरच्या मजल्यावर रजईत असताना, कोणी माझ्याशी बोलत नाही म्हणून कुढत असताना, सत्त्याहत्तरीची ती बाई माझ्या वाटचा बर्फ सातच्या आत ओढत होती.

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. लाज वाटली, भरून आलं, आणि थोडा रागही आला. पहिल्याच आठवड्यात पाटी लावली असती तर? मी चुकले असते, ओरडा खाल्ला असता, पण अकरा महिने हवेसारखी राहिले नसते.

त्यानंतर जिन्यात माणसं थांबायला लागली. हे जादूने झालं नाही. पायवाट झाडत असताना माणूस खाली असतो, हातात झाडू असतो, येणाराजाणारा दोन शब्द बोलतोच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला बर्फावर टाकायची खडी कुठे ठेवतात ते दाखवलं. समोरच्या घरातली लहान मुलगी माझ्याबरोबर पाटी पुढच्या दाराला लावायला यायची, दोरी तिलाच अडकवायची असायची. एकदा तळघराचा कोपरा राहिला तर एकाने चांगलं सुनावलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "आज मला रागावले." तो माझ्याकडे बघत राहिला, कारण मी हे आनंदाने सांगत होते.

आजींची आणि माझी खरी गाठ पडली ती नंतर. जर्मनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, डू आणि झी. वयाने मोठ्याने परवानगी दिल्याशिवाय तू म्हणायचं नाही. २०१९ च्या वसंतात त्यांनी मला घरी बोलावलं, केक कापला, दोन छोट्या पेल्यांत वाइन ओतली आणि म्हणाल्या, "मी मोठी आहे, म्हणून मीच म्हणते. आता आपण एकमेकींना तू म्हणू." मला आजीला "तू" म्हणायची सवय होतीच. आपल्याकडे आईला, आजीला, देवालाही तूच म्हणतात.

त्या दिवशी तिने सांगितलं की ती मुळात इथली नाहीच. तिचा जन्म हंगेरीतल्या एका जर्मन गावातला. १९४६ साली तिथल्या जर्मनांना हाकललं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. मालगाडीच्या डब्यातून आई, ती आणि एक गाठोडं या मुलखात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून असे सव्वा कोटीच्या आसपास जर्मन निर्वासित झाले, हे मी अभ्यासक्रमात वाचलं होतं, पण तो मला आकडा वाटला होता. भाषा तीच, धर्म तोच, तरी गावातले लोक त्यांच्या बोलीला हसायचे. मला सांबारवडी आठवली. "आई जिना दोनदा पुसायची," ती म्हणाली, "एकदा आमच्या नंबराचा आणि एकदा उगाच, कोणी काही बोलू नये म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणून तुला नको म्हटलं होतं गं मी. मला वाटलं, निदान हिला तरी पुसायला लागू नये."

तिच्या त्या नकारामागे एवढं होतं. मी तिचा हात धरून बराच वेळ बसले.

२०२२ मध्ये बाबा गेले आणि आम्ही परत यायचं ठरवलं. आई एकटी होती, दुसरा विचारच आला नाही. शनिवारचं विमान होतं. सोमवारी सकाळी दार उघडलं तर मुठीला पाटी. मी खाली गेले. आजी म्हणाली, "शनिवारी जाणार ना? मग हा आठवडा तुमचाच आहे." शुक्रवारी रात्री उघड्या बॅगांमधून वाट काढत मी बादली घेऊन बाहेर आले आणि सगळ्यात वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळा जिना पुसला, दुसऱ्यांचे मजलेसुद्धा. शेवटच्या पायरीच्या कोपऱ्यात मीच बोट फिरवून पाहिलं. मग पाटी आजीच्याच दाराला लावली, पुढचा नंबर तिचा होता.

नागपुरात परत आले तर मी पाहुणी. नातेवाईक विचारायचे, "किती दिवस आहेस?" आणि "आता इथे तुला करमेल का?" आई मला पाण्याचा ग्लास उचलू द्यायची नाही, प्रवासाने थकलीस म्हणायची, आणि हा थकवा तिने चार महिने पुरवला. इतवारीतल्या किराणा दुकानदाराने नवऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "काऊन हो भाऊ, मला ओळखून नाही राहिले का?" तेव्हा तो खुलला. पण खरं घर परत मिळालं ते त्या उन्हाळ्यात आईच्या हातून कूलरचा पाइप ओढून घेतला तेव्हा.

म्हणून आईचं ते "आपणच तिचं पाहायचं" मला सहन होईना. मी वर गेले. ती रात्रपाळी करून आली होती, केस ओले होते. आमचं बोलणं हिंदीतच होतं. मी विचारलं, सकाळी मोटरच्या आवाजाने झोप मोडते का? ती म्हणाली, "दीदी, दो साल से उसी टाइम उठती हूँ. काकू की चप्पल की आवाज़ आती है. मैं बाहर आती हूँ तो बोलती हैं, सो जा बेटा. तो मैं अंदर आकर बैठ जाती हूँ." थोड्या वेळाने म्हणाली, "घर पे टंकी मैं ही देखती थी."

आईला मी श्टुटगार्टची सगळी गोष्ट सांगितली. ती जिना, बर्फ आणि आजी ऐकून हळहळली, पण टाकीच्या बाबतीत हटली नाही. शेवटी माझ्या बोलण्याने नाही, गुडघ्याने काम केलं. एका पहाटे तिला पहिली पायरीच चढवेना. ती जिन्याच्या तळाशी कठडा धरून उभी राहिली, मोटर घरघरत होती, आणि मी मुद्दामच अंथरुणातून उठले नाही. बराच वेळ काही नाही. मग आईचा आवाज, आधी हळू, मग मोठा, वर मान करून मारलेली हाक.

गच्चीवर चपला वाजल्या. टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. पाच-सात मिनिटांनी वरून, प्रत्येक शब्द सुटा करून, मराठीत ओरडणं ऐकू आलं, "काकू! बंद करा! भरली!"

आईने बटण दाबलं. मोटर थांबली. आणि मग माझी आई, जिने दोन वर्षांत त्या मुलीशी चढ्या आवाजात एक शब्द काढला नव्हता, खालूनच खणखणीत आवाजात म्हणाली, "झाकण लावलं का नीट? कबुतरं घाण करतात त्याच्यात! वर वीट ठेव, वीट!"